कोपर बांधून किती दिवस ठेवायचं?

ऐन वेचणीत एखाद्या बाईचं कोपर आखडलं, तर बोंडापर्यंत हात पोचतो; पण वेणी घालताना, घास तोंडाशी नेताना अडतो. रोजच्या कामांना कोपर साधारण 30 ते 130 अंशांत वाकावं लागतं. पडल्यावरच्या मारापेक्षा नंतरच्या बांधून ठेवण्यानेच ते कित्येकदा जास्त आखडतं.

‘प्लास्टर जितकं जास्त दिवस, तितका सांधा पक्का’ हा यवतमाळच्या गावांतही खोल रुजलेला समज. कोपरात तीन हाडं एकाच आवरणात एकमेकांना भिडलेली असतात. इजेनंतर हात नुसता ठेवून दिला, की हे आवरण जाड होऊन आकसतं. हाड न मोडता नुसतं निखळलेलं कोपर बसवल्यावर एक्स-रेत नीट दिसलं आणि सांधा स्थिर असला, तर झोळीत थोडा आराम देऊन काही दिवसांतच हालचाल सुरू करतात. नेदरलँड्समध्ये अशा 100 रुग्णांवर झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण निम्म्यांना तीन आठवडे प्लास्टर होतं, बाकीच्यांनी दोन दिवसांत हालचाल सुरू केली. पुन्हा कोपर कोणाचंच निखळलं नाही. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच होते. पण लवकर हलवणारे सरासरी 10 दिवसांत कामावर परतले, प्लास्टरवाले 18 दिवसांत. मजुरीवर घर चालतं तिथे हे आठ दिवस थोडे नाहीत.

म्हणून प्रत्येक कोपर हलवत सुटायचं, असंही नाही. सांध्यातलं हाड मोडून सरकलं असेल, तर आधी तार किंवा प्लेट लागते. ती बसवतात तीच मुळी लवकर हलवता यावं म्हणून. झाडावरून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या पोराचं कोपराच्या वरचं हाड मोडलं, तर मात्र साधारण तीन आठवडे हात बांधलेलाच बरा. नंतर पोर खेळता खेळता हात मोकळा करतं, ओढाताण करू नये.

‘तेल लावून चोळलं की सुटतं’ हाही महागात पडणारा समज. जोराने चोळल्या-ओढल्याने स्नायूत हाड तयार होऊ शकतं, मग कोपर कायमचं अडतं. हालचाल रुग्णाने स्वतःच्या ताकदीने करायची, दुसऱ्याने दाबून नाही.

कामट्या लावून करकचून बांधणं तर त्याहून वाईट. रक्तपुरवठा तुटून हात वाकडा होतो, हे जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्येच लिहून ठेवलं आहे. बोटं सरळ करताना जीव जाईल असं दुखत असेल, किंवा ती बधिर, गार, निळसर पडली असतील, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी सैल करा आणि त्याच रात्री यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.