मटणाऐवजी मासळी

शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून आपण मासळी आणतो. प्रकृतीच्या दृष्टीने इतर वारीही ही अदलाबदल हिताची आहे.

प्रथिने दोहोंत जवळपास सारखीच, १०० ग्रॅममागे १७ ते २० ग्रॅम. फरक आहे तो चरबीचा. मटणाची चरबी गार होताच थिजते. तिने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. माशाचे तेल पातळ राहते व हृदयाला हितकर असते. बारीक मासे काट्यांसकट खाल्ल्यास हाडांना कॅल्शियम मिळते. लोह मात्र मटणात अधिक. म्हणून अंगात रक्त कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

ग्वाल्हेर समुद्रापासून दूर आहे. बांगडा-तारलीत हे तेल जास्त असले, तरी इथे गोड्या पाण्यातले रोहू, कटला, मृगळ घ्यावेत. शेतात बारमाही तळे असेल तर तिन्ही एकत्र पाळता येतात: कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मासा लवकर नासतो. कल्ले लाल, डोळे चकचकीत, बोटाने दाबल्यावर खळगा न राहणारा मासाच घ्यावा. तो भरपूर तेलात तळू नये; कालवण करावे.