पडद्यावरील वाद आणि वादाची रीत

आपल्या शाळांतून वक्तृत्वाच्या व वादविवादाच्या स्पर्धा होतात. विद्यार्थी पाठांतराच्या आणि आवाजातील चढउतारांच्या बळावर सभागृह जिंकतात. परंतु शाळा सुटल्यानंतर त्यांच्या वाट्याला येणारे बहुतेक वाद व्यासपीठावर होत नाहीत. ते हातातील मोबाइलवर, लिहून होतात. कार्यालयातील सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी आरक्षणाविषयी उपहासाचा संदेश टाकतो, फेसबुकवर कोणी १९५६ च्या धम्मदीक्षेविषयी धडधडीत खोटे लिहितो, आणि आपल्या मुलामुलींना त्याच क्षणी ठरवावे लागते, की उत्तर द्यावे की गप्प बसावे. गप्प बसल्यास खोटे पसरते. रागाने उत्तर दिल्यास मूळ मुद्दा बाजूला राहून त्या रागाचीच चर्चा होते, आणि नोकरीच्या ठिकाणी अशा एका ओळीची किंमत पुढे कित्येक वर्षे मोजावी लागते.

लिखित वादाला आवाज नसतो व चेहरा नसतो, त्यामुळे साधा विनोदही कुत्सित वाटतो. याहून महत्त्वाचा फरक श्रोत्यांचा आहे. गटात भांडणारे दोघे असतात. मुकाट्याने वाचणारे शंभर असतात. समोरचा मनुष्य सर्वांदेखत आपले मत बदलील, अशी अपेक्षा सहसा फोल ठरते. आपण लिहितो ते त्या शंभरांसाठी, हे एकदा ध्यानात आले की शब्द आपोआप बदलतात.

या दृष्टीने पाहिल्यास लिखित वादाचा एक उत्तम वस्तुपाठ आपल्या घरातच आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले. भाषणातील विचार मंडळाला पेलवले नाहीत. बाबासाहेबांनी मजकुरात बदल करण्यास नकार दिला आणि अधिवेशन रद्द झाले. तेव्हा त्यांनी ते भाषण पुस्तकरूपाने स्वतः प्रसिद्ध केले. त्याच्या १५०० प्रती अल्पावधीत संपल्या. जुलै १९३६ मध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्यावर टीका केली. (पुस्तकाची आठ आणे ही किंमत जास्त आहे, ती कमी करावी, असेही त्यांनी सुचविले होते.)

आता बाबासाहेबांनी काय केले ते पाहावे. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचे लेख परिशिष्ट म्हणून छापले आणि त्यांच्या शेजारी आपले उत्तर ठेवले. वाचकाने दोन्ही बाजू वाचून निर्णय घ्यावा, अशी ही मांडणी होती. उत्तरात प्रथम गांधीजींचे आक्षेप त्यांनी क्रमवार नोंदविले. आपल्या भाषणातील मुख्य मुद्देही पुन्हा क्रमाने मांडले आणि त्यांना गांधीजींनी स्पर्शच केलेला नाही, हे दाखवून दिले. उद्धृत केलेली शास्त्रवचने प्रमाण नाहीत, असा एक आक्षेप होता. त्यावर बाबासाहेबांनी आपण या विषयातील अधिकारी नसल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि सांगितले, की ती वचने लोकमान्य टिळकांच्या लेखनातून घेतलेली आहेत. ज्याचा अधिकार प्रतिपक्षालाही नाकारता येणार नाही, असा साक्षीदार त्यांनी उभा केला होता. आज पडद्यावर आपण बहुधा याच्या उलट करतो: समोरच्याचे अर्धे वाक्य कापून घेतो आणि आपल्याच बाजूच्या वक्त्याचा हवाला देतो. अशाने आपली माणसे टाळ्या वाजवितात, बाकीचे जागचे हलत नाहीत.

शब्दांच्या कसरतीपासून मात्र सावध राहावे लागते. ही कसरत नवी नाही. प्राचीन न्यायशास्त्रात तिला ‘छल’ म्हटले आहे आणि तिचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. एकाने म्हटले, या मुलाजवळ ‘नव’ कांबळे आहे, म्हणजे नवीन. दुसरा लगेच म्हणतो, नऊ कोठे आहेत? मला तर एकच दिसते! आजच्या वादांतील ‘गुणवत्ता’ हा शब्द असाच घसरता आहे. एका वाक्यात त्याचा अर्थ परीक्षेतील गुण, दुसऱ्यात कामातील कौशल्य, तर तिसऱ्यात नुसते घराणे असा होतो. अशा वेळी युक्तिवादाची घाई करू नये. ‘आपण हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता?’ एवढेच शांतपणे विचारावे. पुष्कळ वाद तेथेच संपतात. जे उरतात ते करण्याजोगे असतात.

दुसरा सापळा ‘फक्त हो की नाही ते सांगा’ हा. पाली वाङ्मयात प्रश्नाला उत्तर देण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: सरळ उत्तर, विभागून उत्तर, प्रतिप्रश्नाने उत्तर आणि प्रश्न बाजूला ठेवणे. अभय राजकुमाराला एक दुधारी प्रश्न शिकवून भगवान बुद्धांकडे पाठविण्यात आले होते: तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय? हो म्हटले तर सामान्य माणसात व तथागतांत फरक काय; नाही म्हटले तर देवदत्ताविषयी ते कठोर का बोलले? बुद्धांनी याचे एकाच बाजूने उत्तर देता येणार नाही असे सांगितले आणि अभयाच्या मांडीवरील तान्ह्या बाळाकडे पाहून विचारले, याने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर काय करशील? अभय म्हणाला, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. पुढे बुद्धांनी स्पष्ट केले, की जे सत्य व हितकारक असूनही अप्रिय आहे, ते केव्हा बोलावे याची वेळ तथागत जाणतात. हितासाठी रक्त काढणे आणि जिंकण्यासाठी रक्त काढणे यांतील भेद लिहिणाऱ्याला स्वतःला पुरता ठाऊक असतो.

राजा मिलिंदाशी वाद सुरू करण्यापूर्वी भिक्खू नागसेनांनी एक अट घातली होती: पंडितांच्या रीतीने वाद करणार असाल तर मी तयार आहे, राजांच्या रीतीने करणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक कबूल केली जाते, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो असहमत होईल त्याला दंड करतात. व्हॉट्सॲप गटाचे काही ॲडमिन पाहिले की मिलिंद राजाचे कौतुक वाटते, कारण त्याने अट मान्य केली. जेथे ती मान्य होणार नाही, तेथे एकदाच, पुराव्यासह उत्तर लिहून थांबावे. चौथा प्रकार याचसाठी आहे.

पुराव्याविषयी आपल्या समाजाने विशेष दक्ष राहिले पाहिजे. बाबासाहेबांच्या छायाचित्रावर छापलेली कितीतरी वाक्ये ना ग्रंथाचे नाव सांगतात, ना पृष्ठ. त्यातील एक जरी बनावट निघाले तरी प्रतिपक्ष आपल्या खऱ्या अवतरणांवरही बोट ठेवतो. महाराष्ट्र शासनाचे ‘लेखन आणि भाषणे’ हे खंड १९७९ पासून प्रकाशित होत आहेत. वर उल्लेखिलेला गांधीजींशी झालेला वाद पहिल्याच खंडात आहे. घरातील एखादे वडीलधारे असे निराधार वाक्य गटावर टाकतात, तेव्हा त्यांना चारचौघांत टोकू नये; तसे केल्यास ते वाक्य मागे घेणार नाहीत. त्या विषयावर बाबासाहेबांनी खरोखर जे लिहिले त्या पानाचे छायाचित्र त्यांना स्वतंत्रपणे पाठवावे आणि ‘काका, हे आपण गटावर टाकाल का?’ असे विचारावे.