जंगलात लपायचं, माणसांत ओळखू यायचं

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचं शिवणकामाचं दुकान आहे. आजोबा इकडे आले तेव्हा आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, घरातली मराठी मात्र टिकली. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची माओवाद्यांनी त्यांच्याच गावी हत्या केली. पुढे मध्य प्रदेशाने त्यांच्याशी लढायला हॉक फोर्स उभा केला, केंद्राची दलं आली आणि चितकबरं कापड आमच्याकडे रोजचंच झालं. घेर कमी करणं, गुडघ्याला आतून पट्टी लावणं, बाहीवर बिल्ला टाचणं, अशी कामं करता करता हे कापड वाचायची सवय मला लागली.

ते ओळखायचं तर आधी रंग पाहू नये. दोन महिने उन्हात वाळलं की हिरवा रंग पार बदलतो. पाहायच्या त्या डागांच्या कडा. कुंचल्याने ओढल्यासारखे फराटे असतील आणि शेवटाला कोरड्या केसांच्या रेघा दिसत असतील, तर ते घराणं ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांच्या डेनिसन डगल्याचं. तो १९४०च्या दशकातला. कडा गोलसर, पानाफांद्यांसारख्या असतील आणि हिरवा, तपकिरी, वाळूचा व काळा असे चार रंग असतील, तर तो अमेरिकेच्या १९८१च्या ‘वुडलँड’चा वंश. बाजारातल्या स्वस्त टोप्या आणि दप्तरं बहुतेक त्याच्याच नकला असतात. कडा चौकोनी, पायऱ्यांसारख्या असतील तर डिजिटल. तो पहिल्यांदा कॅनडाच्या सैन्याने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणला. मग कापड नाकाजवळ धरून कुठला रंग कुठल्या रंगावर चढलाय ते पाहावं. ‘वुडलँड’मध्ये काळा सगळ्यांच्या वर बसतो, त्याची फांदी कुठे तुटत नाही. नकलेत हा क्रम चुकतो, किंवा दोन रंगांच्या मधे पांढरी फट राहते.

डिजिटल चौकोन संगणकाची हौस म्हणून आलेले नाहीत. लांबून पाहिलं की बारीक चौकोन मिसळून मोठे पट्टे होतात आणि ते माणसाची आकृती मोडतात. जवळून तेच चौकोन पानापाचोळ्याच्या बारीक पोतात विरतात. एकाच कापडाला दोन अंतरांवर काम करावं लागतं.

खाकी वर्दीची सुरुवात आपल्याच उपखंडात झाली. पेशावरला १८४६ साली हॅरी लम्सडेनने उभारलेल्या गाईड्स पथकाने लाल डगल्यांऐवजी मातकट कपडे वापरले आणि खाकी तिथून जगभर गेली. फ्रान्स मात्र अडून बसला होता. १९१४ साली फ्रेंच शिपाई लाल विजारी घालून मशीनगनसमोर उभे राहिले. त्याची किंमत मोजल्यावर १९१५ साली फ्रान्सने गिरां द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली चित्रकारांचं एक पथक नेमलं. तोफा रंगवायच्या, जाळ्या बांधायच्या, पोकळ झाडाची नक्कल करून त्यात टेहळ्या बसवायचा, हे त्यांचं काम. यंत्रावर मोठ्या प्रमाणात छापलेलं चितकबरं कापड त्यानंतर १९२९ साली इटलीत आलं, १९३१ साली जर्मनीत. माझ्यासारख्या शिंप्याला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की दोन्हीकडे ते आधी तंबूसाठी होतं, अंगात घालायचं नंतर सुचलं.

आता आमच्या जंगलाकडे या. चैत्रात बालाघाटच्या आसपासचा साग उघडाबोडका होतो. जमिनीवर करकरीत पाचोळा, बांबूच्या काठ्या वाळक्या पिवळ्या. त्याच दिवसांत वर बैहरच्या पठारावर सरईला, म्हणजे साल वृक्षाला, कोवळी पालवी फुटलेली असते, सगळं हिरवंगार. श्रावणात दोन्हीकडे गर्द हिरवं. एकाच छापाने इथे बारा महिने कसं भागणार? अमेरिकेने २००४ नंतर हाच हट्ट केला. वाळवंट, जंगल, शहर सगळ्यांसाठी एकच करडा-हिरवा डिजिटल छाप नेमला. तो अफगाणिस्तानात उघडा पडला आणि काही वर्षांतच सोडून द्यावा लागला. जंगल न पाहता कापड ठरवणं म्हणजे माप न घेता बेतणं, असं माझं ठाम मत आहे.

बैहर तालुक्यातल्या मुक्की फाटकातून कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानात गेलं की वाघाचे पट्टे आकृती मोडायचं हेच काम करताना दिसतात. त्याच्या नारिंगी रंगाचं मात्र आश्चर्य वाटतं. चितळ-सांबराच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा हा फरक कळत नाही, म्हणून वाघाला तो रंग चालतो. माणसाला तो लगेच कळतो. त्यामुळे सैनिकाने वाघाकडून आकृती मोडणारे पट्टे घ्यावेत, रंग जंगलाकडून घ्यावा.

आपल्या लष्कराचा नवा डिजिटल छाप १५ जानेवारी २०२२ रोजी सेना दिनाच्या संचलनात दिसला. दिल्लीच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तो केलाय. कापडात सत्तर टक्के सूत, तीस टक्के पॉलिएस्टर. मी त्यातली शिलाई बारकाईने पाहिली आहे. बटणं पट्टीखाली झाकलेली, म्हणजे झुडपात अडकत नाहीत. पाठीवर चुण्या, म्हणजे हात पुढे ताणला तरी खांदा आवळत नाही. विजारीच्या दोन पायांच्या जोडावर दुहेरी कापड, कारण वर्दी पहिली तिथेच उसवते. ही वर्दी ज्याने बेतली त्याने सैनिकाला वाकताना, रांगताना पाहिलं असणार.

या छापाची नोंदणी झाली आहे, खुल्या बाजारात त्याची नक्कल विकता येत नाही. जबलपूर, मुंबई, खडकी अशा ठिकाणच्या लष्करी कँटीनच्या डेपोंतून तो दिला गेला. हे मला पूर्ण पटतं. आमच्या भागात माओवाद्यांची दलमं, म्हणजे सशस्त्र पथकंही, हिरवट वर्दीतच फिरत. दारात आलेला माणूस कोण, हे गावकऱ्याला कपड्यावरून समजावं लागे आणि ते चुकलं तर जिवाशी गाठ. जंगलात न दिसणारी वर्दी माणसांत मात्र नेमकी ओळखू आली पाहिजे, आणि बाजारभर पसरलेली नक्कल ही दुसरी बाजू पार बुडवते. शिपाई असल्याचं भासवण्यासाठी शिपायाचा पोशाख घालणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे दुकानात फार थोड्यांना ठाऊक असतं.

जानेवारीत पालक मुलांसाठी फौजी ड्रेस मागायला येतात. लष्कराचा छाप मी शिवत नाही. साधं मातकट सुती कापड शिवून देतो आणि डाग मुलांनाच कुंचल्याने काढायला सांगतो. आधी विचारतो, जंगल कुठलं, सागाचं की सरईचं, आणि महिना कोणता? मुलं याची उत्तरं आईबापांपेक्षा लवकर देतात.