पाण्याकाठच्या दोन वाटा

महापालिकेचा एस विभाग म्हणजे भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि पवई. एका अंगाला पवईचा तलाव, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मधून जमिनीवरून धावणाऱ्या तानसाच्या जलवाहिन्या. गेल्या काही वर्षांत इथे पाण्याकाठी चालण्या-सायकलींच्या दोन वाटा आखल्या गेल्या. एक अर्धी राहिली, दुसरी न्यायालयाने मोडायला लावली. दोन्हींचा मागोवा घ्यायला हवा, कारण काठावरची वाट कशी आखावी हे शिकण्यासाठी मुंबईला दूर कुठे जायची गरज नाही.

तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतं. भांडुपकरांसाठी ही नुसती 'पाइपलाइन'. माणूस आत उभा राहील एवढ्या व्यासाचे पाइप सिमेंटच्या बैठकांवर टेकलेले, मधूनमधून व्हॉल्व्ह, आणि सांधा गळत असेल तिथे हंडे नि धुण्याच्या बादल्या. शाळेत, कामावर, पलीकडच्या वस्तीत जायचा जवळचा रस्ता म्हणून लोक पाइपांच्या कडेने चालत आले. म्हणजे वाट होतीच, फक्त नकाशावर नव्हती.

याच पाइपांना चिकटून मुलुंडपासून शीवपर्यंत हजारो घरं उभी राहिली. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २००९ मध्ये न्यायालयाने जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची १० मीटर जागा मोकळी करायला सांगितलं. तोडकाम वर्षानुवर्षं चाललं. मोकळी झालेली पट्टी पुन्हा अतिक्रमणाखाली जाऊ नये, म्हणून तिथे सायकल आणि जॉगिंगसाठी सुमारे ३९ किलोमीटरचा मार्ग करायची योजना २०१७ च्या सुमारास पुढे आली. नाव मोठं सुरेख होतं, 'हरित वारी जलतीरी'.

कल्पना मुळात चांगली होती, हे मी आजही म्हणेन. दुरुस्तीसाठी पाइपालगत गाडी जाण्याइतकी जागा लागतेच, तिथे झाडं आणि चालायची सोय केली तर पाइपही राखला जातो आणि दाटीवाटीच्या उपनगराला मोकळा श्वास मिळतो. पण ही पट्टी मोकळी करताना हललेली अनेक कुटुंबं माहुलला पाठवली गेली. बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने. तिथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. माणसं आजारी पडू लागली. २०१८ च्या ऑक्टोबरपासून माहुलच्या रहिवाशांनी विद्याविहारला पदपथावर ठिय्या दिला आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने कोणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवू नये असं बजावलं. मार्गाचे काही तुकडे झाले, सलग वाट मात्र झाली नाही. ज्यांच्या घरांच्या जागेवरून ती जाणार होती, त्यांना ती आखताना कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी वाट पवई तलावाची. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही, पण त्यात मगरी आहेत आणि काठाच्या उथळ चिखलावर पाणपक्षी जगतात. महापालिकेने तलावाभोवती सायकल मार्ग करायला घेतला आणि २०२१ मध्ये जाळीत भरलेल्या दगडांचे थर काठाने पाण्यात पडू लागले. तलावाचा काठ म्हणजे रेघ नव्हे. पावसाळ्यात पाणी वर चढतं, उन्हाळ्यात मागे सरतं, आणि या ये-जा करणाऱ्या उतारावरच मगर उन्हाला येते, बगळा भक्ष्य शोधतो. तिथे दगड रचले की उतार संपतो. आयआयटीचे विद्यार्थी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने हे काम पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांविरुद्ध ठरवलं आणि काठ पूर्ववत करायला सांगितलं.

विहार आणि पवईच्या सांडव्यांतूनच मिठी नदी निघते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिचे काठ आवळल्याची किंमत साऱ्या शहराने मोजली. त्यानंतर सोळा वर्षांनी तिच्याच उगमाशी काठावर दगड पडावेत, याची मला आजही खंत वाटते.

आपल्याच विभागात एक तिसरी वाटही आहे. भांडुप उदंचन केंद्राकडून खाडीकडे गेलं की मातीचा रस्ता, एका बाजूला मिठागरं, दुसरीकडे खारफुटी. हिवाळ्यात पहाटे दुर्बिणी घेतलेली माणसं तिथे दिसतात. रोहित येतात त्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा. म्हणजे ज्या वर्षी पवईचा मार्ग काढायला सांगितला गेला, त्याच वर्षी विभागाच्या दुसऱ्या टोकाचं पाणी जगाने राखण्याजोगं मानलं. तिथे लोक येतात ते काठ अजून काठ राहिला आहे म्हणून.

या साऱ्यातून मला कामाचा क्रम दिसतो. आधी पावसाळ्यातलं पाणी कुठवर चढतं ती रेषा जमिनीवर आखावी आणि वाट तिच्या बाहेर ठेवावी. जिथे ते जमणार नाही तिथे मातीचीच पायवाट ठेवावी, दोन महिने बुडाली तरी बिघडत नाही. मग घरांची यादी करावी आणि पुनर्वसन त्याच विभागात, तोडकामाच्या आधी व्हावं. वाटेची तोंडं मोठ्या सोसायट्यांसमोर जशी हवीत, तशीच खिंडीपाड्यासारख्या वस्त्यांतूनही हवीत. निविदा त्यानंतर. उशीर होईल, मान्य आहे. पण घाईत आखलेल्या या दोन वाटांनी आपली कितीतरी वर्षं घेतली आणि चालायला सलग काठ अजून मिळालेला नाही.