गिळलेल्या वस्तूंचे सुवाह्य अंतर्दर्शन

गिळलेल्या वस्तूंचे सुवाह्य अंतर्दर्शन : नाणी, बटन-घट, टाचण्या, माशांचे काटे इ. गिळल्या गेलेल्या आगंतुक वस्तू ग्रसिकेत (अन्ननलिकेत) वा जठरात कोठे अडकल्या आहेत, हे रुग्णाजवळ नेता येणाऱ्या लहान अंतर्दर्शकाने प्रत्यक्ष पाहण्याची पद्धती.

जर्मनीतील फ्रायबर्ग येथे आडोल्फ कुस्मौल यांनी १८६८ मध्ये तलवार गिळून दाखविणाऱ्या कसरतपटूच्या जठरात ताठ नळी घालून आत पाहिले. सर्वसामान्य रुग्णाला हे सोसणारे नव्हते. हॅरल्ड हॉपकिन्झ व मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते असे दाखविले आणि १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी त्यावर आधारलेला लवचिक जठरदर्शक वापरला. पुढे टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा व दिवा बसविता आल्याने अवजड प्रकाशस्रोताची गरज संपली. घटावर चालणारी, हातात मावेल एवढ्या पडद्याची उपकरणे त्यातूनच निर्माण झाली.

अशा उपकरणाचे महत्त्व मोठ्या रुग्णालयापेक्षा खर्डीसारख्या ठिकाणी अधिक आहे. खर्डी (ता. शहापूर, जि. ठाणे) हे गाव मुंबई–नाशिक मार्गालगत असले, तरी ठाणे शहर तेथून साठाहून अधिक किमी. दूर आहे आणि आतल्या पाड्यांवरील रुग्णाला मुळात हमरस्ता गाठावा लागतो. रुग्णाला पुढे पाठवावयाचे की नाही आणि किती तातडीने, हाच तेथील मुख्य प्रश्न असतो.

जठरात पोहोचलेल्या बहुतेक वस्तू आपोआप शौचावाटे पडतात. सु. २२ मिमी. व्यासाचे रुपयाचे नाणे लहान मुलाच्या ग्रसिकेच्या वरच्या तोंडाशी अडकू शकते. लाळ गळणे, गिळता न येणे ही त्याची लक्षणे होत. बटन-घटाची गोष्ट निराळी. ग्रसिकेत अडकलेल्या घटाच्या ऋण अग्राशी विद्युत् प्रवाहामुळे दाहक क्षार तयार होतो व दोन तासांतच ऊतक भाजू लागते. क्ष-किरण चित्रात घटाच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला ते नसते. म्हणून धातूच्या वस्तूंसाठी क्ष-किरण परीक्षाच प्रथम करतात. घट गिळून १२ तास झाले नसतील, तर एक वर्षावरील, गिळू शकणाऱ्या मुलास वाटेत दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध (जास्तीत जास्त सहा वेळा) देतात; मात्र त्यापायी निघण्यास क्षणाचाही विलंब करीत नाहीत.

माशाचा बारीक काटा, लाकडाची ढलपी, प्लॅस्टिक यांचा क्ष-किरण चित्रात बहुधा पत्ता लागत नाही. सुवाह्य अंतर्दर्शकाचा खरा उपयोग येथे होतो. घशातील काटा दिसल्यास चिमट्याने तेथेच काढता येतो. भाताचा वा केळ्याचा मोठा घास गिळून तो खाली ढकलण्याच्या घरगुती उपायाने मात्र तो अधिक खोल रुतण्याची भीती असते. बोटे घालून वांती करविणेही तितकेच धोक्याचे.

दिसणे म्हणजे निघणे नव्हे. ग्रसिकेतील वस्तू ओढताना ती सुटून श्वासनालात पडू शकते. त्यामुळे मुलांमध्ये हे काम सामान्यतः शुद्धिहरण करून व श्वासमार्ग सुरक्षित ठेवूनच करतात आणि त्यासाठी शुद्धिहरणतज्ञ लागतो. बारीक नळीच्या काही अंतर्दर्शकांत चिमटा जाण्यास मार्गिकाही नसते. तपासणीत काही न दिसल्यानेही शंका फिटत नाही : दुखणे, ताप किंवा मानेत हवा भरल्याची चिन्हे असल्यास रुग्णाला उपाशी ठेवून, क्ष-किरण चित्र व शेवटच्या जेवणाची वेळ यांच्या नोंदीसह पुढे धाडावे लागते.