दहा डॉलरच्या आतला लेख

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस्ली केल्बलिंग यांनी २००० साली ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’ सुरू केले. पुढच्याच वर्षी ‘मशीन लर्निंग’ या तोवरच्या मातब्बर नियतकालिकाच्या संपादक मंडळातले ४० जण जाहीर पत्र लिहून बाहेर पडले आणि या नव्या नियतकालिकाच्या बाजूने उभे राहिले. वाद पैशांचा होता. लेख संशोधकांनी लिहायचे, परीक्षणही त्यांनीच फुकट करायचे आणि क्लुवर या प्रकाशन कंपनीने तेच लेख भारी वर्गणी लावून त्यांच्याच ग्रंथालयांना विकायचे, हे त्यांना मान्य नव्हते. इतिहास एवढाच.

खरे कुतूहल आहे ते या नव्या नियतकालिकाच्या जमाखर्चाचे. हार्वर्डचे संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट शीबर यांनी २०१२ साली तो मांडला, तेव्हा एका लेखामागचा रोख खर्च दहा डॉलरच्याही आत निघाला, आणि त्यातही मोठा वाटा करसल्लागाराच्या बिलाचा! इथे वाचकाला पैसे पडत नाहीत, लेखकालाही नाहीत. ‘नेचर’ने मात्र २०२१ साली लेख सर्वांना खुला ठेवण्यासाठी लेखकाकडून ९,५०० युरो घ्यायला सुरुवात केली. केल्बलिंग यांच्या नियतकालिकाला काटकसर शक्य होते ती लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीमुळे. नियतकालिक मांडणीचा साचा देते. समीकरणे, आकृत्या, समास, संदर्भसूची हे सारे लेखक स्वतः जुळवतो. छापखान्यातला जुळारी आणि मुद्रितशोधक दोघेही संशोधकाच्याच खुर्चीत येऊन बसले आहेत. सर्व्हर विद्यापीठाचा, संपादकांचे पगारही विद्यापीठांचेच.

म्हणजे खर्च नाहीसा झालेला नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर पडला, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. पण परीक्षकांचा वेळ आधीही त्याच खात्यावर पडत होता. वर वर्गणी वेगळी. फुकटात दर्जा राहत नाही, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. नांदेडचा विद्यार्थी सायकिट-लर्न ही मशीन लर्निंगची सॉफ्टवेअर प्रणाली वापरतो, तर त्या प्रणालीची ओळख करून देणारा २०११चा लेख इथलाच, आणि तो वाचायला त्याच्या महाविद्यालयाने वर्गणी भरलेली असावी लागत नाही. ही रीत वैद्यकात किंवा इतिहासात तशीच चालेल, असे मात्र म्हणवत नाही. तिथले लेखक लाटेकवर वाढलेले नाहीत.

मशीन लर्निंगमधल्या लोकांचा निग्रह मात्र पक्का आहे. वर्गणीवर चालणाऱ्या ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’साठी लिहिणार नाही, परीक्षण करणार नाही, अशा निवेदनावर २०१८ साली तीन हजारांहून अधिक संशोधकांनी सह्या केल्या. तरीही ते नियतकालिक निघाले आणि चालू आहे. आता अडचण आली आहे ती वेगळ्याच बाजूने. मार्च २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने जीपीटी-४ या आपल्या भाषा-प्रारूपाचा अहवाल कोणालाही वाचता येईल असा ठेवला. पण त्यात प्रारूपाचा आकार, प्रशिक्षणाची पद्धत किंवा त्यासाठी वापरलेली माहिती यांचा तपशील नव्हता. केल्बलिंग यांच्या नियतकालिकाने खुल्या सॉफ्टवेअरसाठी वेगळा विभाग कधीच काढला आहे, पण प्रशिक्षणाची माहिती आणि हजारो चिप कंपनीच्या कुलपात असतील, तर फुकट काम करणाऱ्या परीक्षकाने तपासायचे काय, याची सोय दहा डॉलरच्या या व्यवस्थेत नाही.