थायरॉईडची सौम्य कमतरता : गोळी कोणाला हवी, कोणाला नको?

रक्ततपासणीची सोय आता खेड्यापाड्यांच्या आवाक्यात आली, ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या तेरखेड्यातील माणसेही वाशी, बार्शी किंवा धाराशिवला जाऊन रक्त तपासून येतात. परंतु तपासणीचा कागद हाती पडला आणि त्यातील एखादा आकडा ‘जास्त’ दिसला, की घरात काळजी सुरू होते. ‘थायरॉईड निघाला’ असे म्हटले जाते आणि आता जन्मभर गोळी घ्यावी लागणार, असा समज होतो. फटाक्यांच्या कामावर किंवा शेतात रोजाने जाणाऱ्या कुटुंबाला दरमहाची गोळी, वरचेवर तपासणी, एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज हे सारे सोसावे लागते. म्हणून या विषयावरील संशोधन काय सांगते, ते समाजबांधव, भगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे सोप्या भाषेत मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

सौम्य कमतरता म्हणजे काय?

गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती ‘टी-४’ आणि ‘टी-३’ ही संप्रेरके तयार करते. शरीराची ऊर्जा, हृदयाची गती, लहान मुलांची वाढ व बुद्धीचा विकास यांवर त्यांचे नियंत्रण असते. या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी देखरेख ठेवते. मजूर मंदावला की मुकादम आवाज चढवतो, तसे थायरॉईडचे काम कमी पडू लागले की पीयूषिका ‘टीएसएच’ हा पदार्थ अधिक सोडते.

टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असतो. तो वाढलेला आणि टी-४ मात्र योग्य प्रमाणात, या स्थितीला सौम्य कमतरता म्हणतात. मुकादम ओरडतो आहे, पण काम पूर्ण होत आहे, असाच याचा अर्थ. टी-४ देखील घटला तर तो खरा आजार होय आणि त्याला औषध हवेच.

ही स्थिती दुर्मीळ नाही. मुंबई व गोव्यासह भारतातील आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ८ टक्के लोकांत सौम्य कमतरता आढळली.

गोळीची परीक्षा कशी घेतली?

गोळी घेतल्यावर बरे वाटले, एवढ्याने गोळीचा गुण सिद्ध होत नाही. काही दुखणी आपोआप कमी होतात, तर काही वेळा औषध घेतल्याच्या समाधानानेच माणसाला बरे वाटते. यासाठी शास्त्रज्ञ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी व दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. विद्यार्थ्यांनी ही पद्धत नीट समजून घ्यावी, कारण आजच्या औषधशास्त्राचा पाया हाच आहे.

अशी एक मोठी चाचणी युरोपातील चार देशांत झाली व तिचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीत ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्ती होत्या. एका गटाला लेव्होथायरॉक्झिन ही थायरॉईडची गोळी दिली गेली. वर्षानंतर या गटाचा टीएसएच सुमारे ६.४ वरून ३.६ वर आला. कागदावरचा आकडा सुधारला, परंतु थकवा आणि इतर लक्षणे यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. विशेष म्हणजे, औषध नसलेल्या गटाचा टीएसएचही सुमारे ५.५ पर्यंत आपोआप उतरला होता.

२०१८ साली अशा २१ चाचण्यांतील २,१९२ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. निष्कर्ष तोच निघाला. त्यानंतर २०१९ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने सौम्य कमतरता असलेल्या प्रौढांना सरसकट ही गोळी देऊ नये, अशी शिफारस केली.

अपवाद महत्त्वाचे

तथापि, या शिफारशीतून काही जणांना वगळलेले आहे. गर्भवती स्त्रिया व मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले रुग्ण, तीव्र लक्षणे असलेले रुग्ण आणि अगदी तरुण व्यक्ती यांचा निर्णय डॉक्टरांनी स्वतंत्रपणे घ्यावयाचा असतो. टीएसएच १० च्या वर गेल्यास औषधाचा विचार करावा, असे अनेक डॉक्टर मानतात. नवजात बालकातील कमतरतेची गोष्ट तर अगदी वेगळी आहे. तिथे उपचाराला उशीर झाला तर बुद्धीचे नुकसान होते आणि ते पुढे भरून निघत नाही.

आपण काय करावे?

पहिल्याच कागदावर जन्माचा निर्णय घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा व सोबत टी-४ ही पाहावा. इस्रायलमधील एका अभ्यासात, ५.५ ते १० च्या दरम्यान टीएसएच असलेल्या व औषध न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांचा आकडा पुढील पाच वर्षांत योग्य मर्यादेत आला.

थकव्याचे दुसरे कारणही शोधावे. आपल्याकडे कष्टकरी स्त्रियांत रक्त कमी असणे ही नित्याची बाब आहे. तिचे हिमोग्लोबिन तपासले नाही आणि थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर पैसाही जातो आणि थकवाही राहतो. गरजेपेक्षा जास्त गोळीने छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि उतारवयात हाडे ठिसूळ होतात, हेही ध्यानात ठेवावे.

मात्र, ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये. जुने कागद काढावेत, डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे : माझा टी-४ किती होता? टीएसएच दुसऱ्यांदा तपासला होता का? ही गोळी मला कशासाठी आहे?

घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आई-आजीचे कागद एकदा स्वतः वाचावेत व त्यांच्यासोबत दवाखान्यात जावे. शिक्षणाचा उपयोग घरातून सुरू व्हावा, हीच आमची अपेक्षा.